मनिलावाले सर

मनिलावाल्या सरांशी बोलताना नजर त्यांच्या हातांवरच जायची. छत्री असो, फूटपट्टी असो की गुंडाळलेलं वर्तमानपत्र, हातातली वस्तू मनगटातून सतत फिरत राही. "वस्तू कुठलीही घे, हात तोच," असं ते म्हणत.

मूळचे मालवणकडचे. तरुणपणी बोटीवर होते. बोट दुरुस्तीसाठी मनिला बंदरात अडकली, तेव्हा तिथल्या एका गोदी कामगाराकडून फिलिपिनो पद्धतीने काठी चालवायला शिकले. कराटे पुढे मुंबईत. ऐंशीच्या दशकात कांदिवलीला आमच्या शाळेच्या मैदानावर रोज सकाळी ते दोन्ही शिकवत. वर्गात मुलं यावीत म्हणून सोसायट्यांच्या गणपतीत प्रात्यक्षिकं करून दाखवत. वेताच्या आखूड काठ्या खडखडू लागल्या की लोक हातातला प्रसाद विसरून बघत राहत. कुणीतरी विचारायचंच, "आपली लाठी काय वाईट आहे हो?"

"अजिबात नाही. पण ती घेऊन बसमध्ये चढता येत नाही."

वर्गात बहुतेक मुलगेच. मुली आम्ही तिघी. माझं लक्ष उडालं की सर मालवणीत ओरडत, "गो, हात खंय तुझो?"

मग मालाडच्या बाजारात ती गोष्ट घडली. सर आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी घेऊन परतत होते. गल्लीत दोघे आडवे आले. एकाने काकूंच्या मानेला सुरा लावला. सरांनी स्वतःच्या हाताने काकूंचं मंगळसूत्र काढून दिलं. आमच्यातल्या राजूच्या भावाने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी राजू सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सर, वाट लावलीत ना! मग हे शिकायचं कशाला?"

"सुरा तिच्या मानेवर होता. माझा हात जरा चुकला असता तर?"

"पण मंगळसूत्र, सर!"

हळूहळू मुलगे फरश्या फोडायला शिकवणाऱ्या दुसऱ्या वर्गात गेले. "फरश्या गवंडीही फोडतो," एवढंच सर म्हणाले. आम्ही तिघी उरलो. शिकवण्यात फरक पडला नाही, पण त्यांचं बोलणं कमी झालं.

एका सकाळी काकू पदर खोचून आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात काळा दोरा. सर गोंधळले, पण त्यांनी काकूंच्या हातात काठी दिली. वर्ग संपल्यावर फाटकाशी एका मुलीच्या आईने काकूंना हळूच विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. कितीतरी दिवस बोलले नाही त्यांच्याशी," काकू म्हणाल्या. "मग लक्षात आलं, रागवायला तरी मी आहे."

ही गोष्ट घरोघर पोचली असावी. आया आपल्या मुलींना आणून सोडू लागल्या. मैदान पुन्हा भरलं.

काही वर्षांनी सर आणि काकू गावी परतले. जाताना सरांनी वर्ग माझ्याकडे सोपवला. आता नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी पर्स टाकून पळायला शिकवते. एखादे वडील नाराज होऊन विचारतात, "पळायचंच आहे, तर काठी कशाला?"

मी सांगते, "पळायला जागा नसेल तेव्हासाठी."