टप उघडणारी गाडी

मुलानं गाडी विकायला काढली आणि मोबाईलवर जाहिरात टाकली : जुनी जर्मन गाडी, कापडी टप उघडतो, एकाच घरात वापरलेली, निगा उत्तम. मी चष्मा लावून वाचली. 'टप उघडतो' एवढं सोडलं तर सगळं पुरतं खरं होतं.

पूर्वी उघडायचा. तेंदूपत्त्याच्या ठेक्यात बरकत आली तेव्हा सासऱ्यांनी ही गाडी देवरीत आणली, ती टप मागे दुमडूनच. मग मी सून म्हणून आले आणि टप लागला. सासूबाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. त्या बिचाऱ्या पुढच्या सीटवर हवा खात बसायच्या. नियम माझा. मागची सीट, डोक्यावर पदर आणि वर टप.

"उघडू का वं जरा? जीव चालला गरमीनं," आमचे हे म्हणायचे.

"लोक पाहून राहिले," मी म्हणायची.

मला वाटायचं, देवरीपासून सडक अर्जुनीपर्यंत सारी जनता मलाच बघायला हायवेवर उभी आहे. ती बसची वाट पाहत असे. लग्नसराईत, बंद टपाखाली, माझं कुंकू घामानं नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरायचं आणि मी तशीच रुबाबात मांडवात शिरायची. एकदा एका बाईनं विचारलं, तुमच्यात असंच लावतात का. मी हो म्हटलं.

यांनी गाडी जिवापाड जपली. दर रविवारी इंजिन सुरू करायचे, जुन्या मऊ धोतरानं पुसायचे. गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात म्हणाले, "टपाच्या बिजागऱ्या गंजल्या. आता उघडला तर परत बसणार नाही. झालं तुया मनासारखं."

त्यानंतर मला टप उघडून पुढे बसावंसं वाटायला लागलं. यांचं म्हणणं मला नेहमी उशिराच पटत आलं आहे.

गाडी विकण्याला माझी ना नव्हती. "आई, चालवणारं कोणी नाही, उंदरं वायर खाऊन राहिले," मुलगा म्हणाला, ते खरंच होतं. पण जायच्या आधी एक चक्कर मला हवी होती. बिजागऱ्यांचं मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

रायपूरहून एक गृहस्थ बघायला आले. वाकून, ठोकून, इंजिनाला कान लावून त्यांनी गाडी पाहिली. "ऐसी गाडी अब कहाँ मिलती है, माताजी. हुड खोलके दिखाओ." त्यांचा हुड म्हणजे आमचा टप.

"मी पुढे बसते. एक चक्कर मारू, मग खुशाल घेऊन जा," मी म्हटलं.

"आई, तुझे गुडघे," मुलगा म्हणाला.

"ते घेऊनच बसते."

दोघांनी मिळून टप मागे ढकलला. तो कण्हत गेला. गृहस्थांनी चाक हातात घेतलं, मुलगा माझ्या जुन्या जागी मागे बसला. पहिल्याच वळणावर पदर खांद्यावर आला. मी तो तिथेच राहू दिला. बसस्टँडवर लोक उभे होते, मी नीट निरखून घेतले. एक म्हातारा मोबाईलमध्ये होता, दोन बाया पिशव्या सांभाळत होत्या. एका बकरीनं मान वळवून पाहिलं. एवढ्यासाठी मी इतके उन्हाळे उकडून काढले होते.

"ढाब्यापर्यंत चला," मी म्हटलं.

"माताजी, एक चक्कर बोली थी."

"एकच आहे. थोडी लंबी."

चहा पिऊन परत आलो, आणि टप बसेना. मुलानं तेल घातलं, गृहस्थांनी खांदा लावला. घाम निघाला, टप हलला नाही. गृहस्थांनी हात पुसले, 'सोचके बताते हैं' म्हणाले आणि ज्या टॅक्सीनं आले होते तिनंच परत गेले.

मुलगा माझ्याकडे वळला. "तुले माहीत होतं?"

"बाबांनी सांगितलं होतं."

"मग बोलली काऊन नाही?"

"तू लिहिलं होतं, टप उघडतो. उघडला की नाही? परत लागतो असं कुठं लिहिलं होतं?"

त्यानं जाहिरात दुरुस्त केली, तेव्हापासून कोणी आलेलं नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणून तो दर रविवारी गोंदियाहून येतो आणि गाडी फिरवून आणतो. मी पुढे बसते. पावसाळा जवळ आला आहे. ताडपत्री मी कधीचीच आणून ठेवली आहे.