भिवाजीचं लांबलेलं विमान

सौसरात कुजबुज अशी होती की संत्र्याच्या बागेवाला भिवाजी लंडनहून परतताना मधेच कुठंतरी उतरला, अन् तिथं एक बाई होती.

संशयाचं बी त्यानंच पेरलं. लंडनच्या मुलीकडून, सुचिताकडून, आल्याबरोबर पानठेल्यावर फुशारकी मारली, "दुपारी दोन वाजता दिल्ली सोडली अन् सातले लंडन! येताना रात्री आठले बसलो, सकाळी नऊले दिल्लीत."

लोकांनी बोटं मोजली. जाताना पाच तास, येताना तेरा! मी आपलं सहज विचारलं, "बाकीचे आठ तास कुठी होता गा?" हे घरी कोणी पोचवलं, देव जाणे.

त्याच्या बायकोनं, जयवंतावहिनीनं, त्याचं ताट वाढणं बंद केलं. "छिंदवाड्याची बस रामाकोन्याले चहासाठी थांबते. तुमचं विमान कोनासाठी थांबलं?"

"अवं, विमान हवेत थांबत नाही!"

"मंग ते बाई कुठून चढली?"

शेवटी त्यानं सुचितालाच व्हिडिओ कॉल लावला. इथं दिवेलागण झालेली, तिच्या खिडकीत मात्र लख्ख दुपार. वहिनी ते बघून त्याच्यासाठी पोळ्या लाटायला बसली.

उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. भिवाजी कुठंच उतरला नव्हता. जाताना खरे साडेनऊ तास लागले होते अन् येताना साडेआठ, म्हणजे उलट तासभर कमीच.