‘तिकडं’चा पत्ता

टपालात तीस वर्षं काढलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. एक ओढला की थैली उलटी केल्यासारखे सगळे बाहेर पडतात. मग घरातून आवाज येतो, “झालं! आता भाकरी गार होणार!”

आमचं मुरुमचं पोस्ट तेव्हा निजामाच्या राज्यातलं. लोक डाकखाना म्हणायचे. माणसं तीनच. पोस्टमास्तर रहमतसाहेब, टपाल वाटणारा दत्तू आणि खिडकीमागं मी, सिद्राम, कारकून. मी मॅट्रिक पास झालो होतो, हैदराबादच्या विद्यापीठाचा दाखल्याचा, म्हणजे प्रवेशाचा, फॉर्मसुद्धा भरून ठेवला होता. त्याच उन्हाळ्यात अप्पा गेले. घरात आई आणि दोन लहान बहिणी. फॉर्म पेटीत गेला आणि मी खिडकीत बसलो. आणि गंमत बघा, गावातली जी पोरं हैदराबादला शिकायला गेली, त्यांची सगळी पत्रं माझ्याच हातून जायची!

विद्यापीठाला सरकारी नाव हुजूरांचं, म्हणजे निजामाचं. आमच्या जिल्ह्यालाही त्यांचंच. पण कागदावर उस्मानाबाद लिहिणारी माणसं तोंडानं धाराशिवच म्हणायची. मग विद्यापीठाला कोण सोडतंय! खिडकीशी त्याची इतकी नावं ऐकली की खरं नाव फक्त मलाच पाठ असेल असं वाटायचं.

*

पहिली आठवते चन्नबसव्वा. तिचा शिवलिंग माझ्याच वर्गातला, मार्कांनी माझ्या मागं. तो हैदराबादला गेला. ती दर पंधरा दिवसांनी पत्र लिहून घ्यायला यायची. मजकूर झाला की मी विचारायचो, “अव्वा, पत्ता?”

“तिकडं.”

“तिकडं म्हंजे कुठं? नाव सांगा की.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “असं काय करतूस तम्मा? जिथं तू जाणार व्हतास, तिथं!”

मागं रांगेत चारपाच जण होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

*

मग मी ठरवलं, निदान नाव तरी झोकात लिहायचं. उर्दू अक्षर माझं चांगलं होतं. विद्यापीठाचं नाव, हुजूरांच्या किताबांसकट, तीन ओळींत असं काही लिहिलं की रहमतसाहेबांनी पाकीट उजेडाला धरून “वाह!” म्हटलं.

पाकीट वीस दिवसांनी परत आलं!

शिवलिंग राहायचा कुठं, कुणाच्या माळ्यावर, हे मी लिहिलंच नव्हतं. नावाच्या नादात जागाच उरली नव्हती. चन्नबसव्वानं पुढचं पत्र दत्तूकडून लिहून घेतलं. त्यानं मोडकंतोडकं लिहिलं: ‘मोठी शाळा, हैदराबाद. मल्लय्याची खाणावळ, वरचा माळा. उंच पोरगं, शिवलिंग.’ ते पाचव्या दिवशी पोचलं.

रहमतसाहेब चष्मा पुसत दत्तूकडं बघून म्हणाले, “मियाँ, तुम नाम लिखे. उनो पता लिखे!”

*

मुरुमजवळच्या एका वस्तीवरचे गुंडाप्पा म्हणून एक शेतकरी होते. मुलाला पाठवायला त्यांनी बैलजोडी विकली. तेव्हापासून त्यांच्या घरात विद्यापीठाचं नावच ‘बैलजोडी’ पडलं. “पोरगं कुठाय?” “बैलजोडीत.” “सुट्टी कधी?” “बैलजोडी बंद झाली की येतंय.”

एकदा त्यांनाच हौस आली. म्हणाले, “सिद्राम, त्याचं सरकारी नाव वाचून दाखव की एकदा.”

मी घसा साफ करून सगळं नाव म्हणून दाखवलं. गुंडाप्पा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते.

“लई मोठं नाव हाय,” ते म्हणाले. “आमच्या बैलांची लई सोपी व्हती.”

*

शिवलिंग सुट्टीत आला की तडक डाकखान्यात यायचा. तिकडची पोरं विद्यापीठाला नुसतं ‘जामिया’ म्हणायची. तो शब्द तो असा सहज म्हणायचा, मला हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू, रागच यायचा.

मी विचारायचो, “इमारत कशी हाय रे? वाचनालयात किती पुस्तकं? कपाटं उघडी असतात का कुलपात?”

तो म्हणायचा, “आरं, आमटी लई पातळ असती.”

“वर्गात काय शिकवतात?”

“सगळं उर्दूत. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. मी रडतो मराठीत आणि सपनात अव्वा कानडीत शिव्या घालती!”

दत्तू पोट धरून हसला. मीही हसलो. पण तो गेल्यावर खिडकी थोडा वेळ बंद ठेवली. ज्याला तिथली आमटी पातळ लागते त्याला धरून हलवावं, असं वाटत होतं. मी ती पातळ आमटी जन्मभर प्यायलो असतो हो!

*

थैली यायला उशीर असला की डाकखान्याच्या ओट्यावर मंडळी जमायची. तेव्हा कुजबूज सुरू झाली होती की कधीतरी आपल्या भागातही मराठीतून शिकवणारं विद्यापीठ निघेल. निघेल म्हणजे काय, तासाभरात निघालंच! फक्त नावावर अडलं.

जळकोटचे एक शाळामास्तर म्हणाले, “तुळजापूरच्या देवीचं नाव द्या.” सोनारीहून पाहुणे आलेले एक गुरव होते. ते म्हणाले, “भैरवनाथाचं का न्हाय?” मुरुमचे अडते म्हणाले, “नाव कुणाचं बी द्या, इमारत मुरुमला पायजे.” तिथून जे पेटलं! गुरव उपरणं झटकून उठले, मास्तरांनी चहा नाकारला.

रहमतसाहेब सरकारी माणूस. त्यांनी हे ऐकणं बरं नव्हतं. म्हणून ते आत मुद्दाम जोरजोरात शिक्के मारत बसले होते.

शेवटी दत्तू पायरीवरून म्हणाला, “मालक, नाव काय बी ठेवा. पत्ता तेवढा जवळचा ठेवा. आमच्या सिद्रामला चालत जाता यावं.”

आतले शिक्के थांबले.

*

आता शेवटचा. हा मी घरातही फारसा सांगत नाही.

तिकडचे वर्ग सुरू व्हायच्या सुमारास मी दरवर्षी एक कार्ड टाकायचो. पत्त्यावर नाव माझंच. सिद्राम, विद्यार्थी, बी.ए.चा वर्ग. खाली विद्यापीठाचं सगळं सरकारी नाव, एकही किताब न गाळता. मजकूर एकच ओळ: ‘इकडे सर्व खुशाल, अभ्यास नीट करावा.’ मला फक्त ती दोन नावं एका कागदावर बघायची होती. पोष्टाचा शिक्काही मीच मारायचो, अगदी हलक्या हातानं, अक्षर बिघडू नये म्हणून.

कार्ड महिन्याभरात परत यायचं. त्यावर तांबड्या शाईत उर्दूत लिहिलेलं असायचं, ‘या नावाचा विद्यार्थी नाही.’ खरंच होतं ते. तरी दरवेळी मी ते दोनदा वाचायचो.

थैली रहमतसाहेब स्वतः उघडायचे. कार्ड आलं की ते माझ्या टेबलावर शाईच्या दौतीखाली पालथं ठेवून द्यायचे. अशी तीन कार्डं माझ्या पेटीत त्या फॉर्मजवळ जमली.

चौथ्या वर्षी महिना गेला. कार्ड आलं नाही. दत्तूनं थैली खांद्यावरून उतरवली की माझी नजर तिकडं. साहेब पत्रं लावायचे, दौतीखाली काही नाही. सव्वा महिना झाला, दीड झाला. हैदराबादहून इतर सगळं टपाल वेळेवर येत होतं. शिवलिंगची पत्रं येत होती, गुंडाप्पांच्या मुलाची येत होती. माझं तेवढं नाही.

साहेब घरी गेले की मी दौत उचलून बघायचो.

एका शुक्रवारी ते नमाजाहून परतले ते सरळ आपल्या खुर्चीकडं न जाता माझ्या टेबलाशी आले. धुतलेली शेरवानी, हातात पेढ्यांचा पुडा. दौत बाजूला सरकवून त्यांनी पुडा तिथं ठेवला आणि दोरा सोडला. दत्तू बघतच राहिला.

“लेव, मूँ मीठा करो,” रहमतसाहेब म्हणाले. “कार्ड वापस नै आया ना? मुबारक हो, सिद्रामबाबू! अबके साल तुमारा दाखला हो गया!”