उशिराची चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, नीताला तर नाहीच — आणि नीता माझी बायको, म्हणजे सगळ्यांत आधी तिलाच सांगायला हवं होतं. आज तुला सांगतोय, कारण थकलोय रे. चौदा वर्षं एकच खोटं वागवायचं म्हणजे काही कमी हमाली नाही.

आम्ही लंडनमध्ये, क्रॉयडनला राहतो. इथल्या ट्रेनचं म्हणजे रोज मरे त्याला कोण रडे! तरी चार मराठी माणसं जेवायला जमली की ट्रेनच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं, आणि मग नीता तिची गोष्ट काढते. "जपानमध्ये ट्रेन लेट झाली ना, की स्टेशनवाले वाकून माफी मागतात. वर ऑफिसात दाखवायला चिठ्ठी देतात! आम्ही होतो तेव्हा एकदाच लेट झाली — नेमकी मी ॲडमिट असताना. हा बिचारा दोन तास अडकला. धावत आला तेव्हा ह्याला धड बोलता येत नव्हतं." ती चिठ्ठी तिने पासपोर्टच्या फाइलमध्ये जपून ठेवलीये. सगळे हसतात. मी ताटात मान घालून जेवत राहतो.

ॲडमिट का होती, ते ती सांगत नाही. सातवा महिना होता.

टोकियोच्या बाहेर, तासाभरावर आमचं स्टेशन. दोन प्लॅटफॉर्म, बाहेर सायकलींची रांग, एक बेकरी, गरम कॉफीचे डबे देणारं मशीन आणि त्याच्याशेजारी एक बाक. पुढे रेल्वेचं फाटक — आणि फाटकापलीकडे हॉस्पिटल. बाकावरून त्याची पाटी दिसायची. इतकं जवळ.

दुपारी हॉस्पिटलमधून मला ऑफिसात फोन आला. मला त्यांची भाषा कामापुरती यायची, नीताला अजिबात नाही. बाळाचे ठोके लागत नव्हते. लवकर या, म्हणाले, तुमच्या मिसेसना आमचं काही कळत नाहीये, तुम्हीच सांगा.

निघालो. त्या दिवशी ट्रेन खरंच लेट झाली होती. गेटवरच्या माणसाने वाकून चिठ्ठी दिली, मी न बघताच खिशात टाकली. बाहेर आलो, आणि —

आणि बाकावर बसलो. म्हटलं, मिनिटभर. फाटक पडलेलं होतं, उघडलं की उठू. उघडलं. सायकलवरून बायका गेल्या, शाळेच्या पोरी गेल्या. पुन्हा घंटा वाजली, पुन्हा फाटक पडलं. किती वेळा पडलं, किती वेळा उघडलं! माझा पाय काही उचलेना. भीती वाटली का? वाटली ना. पण पलीकडे ती एकटी होती, तिला वाटत नसेल? हे कळत होतं मला. कळत असूनही मी मशीनमधून कॉफी घेतली आणि पुन्हा बसलो. हो, कॉफी प्यायलो मी.

शेवटी उठलो तेव्हा फाटकापासून हॉस्पिटलपर्यंत पळत गेलो. का, माहितीये? दम लागलेला दिसावा म्हणून.

तोवर तिला कळलेलं होतं. एका नर्सने कागदावर इंग्रजीत लिहून दाखवलं होतं — बेबी, हार्ट, स्टॉप, सॉरी. चार शब्द. माझ्या बायकोला ते असं कळलं, आणि मी समोरच्या बाकावर होतो. तिने विचारलंसुद्धा नाही, कुठे होतास. मीच खिशातून चिठ्ठी काढली. म्हटलं, "ट्रेन बंद पडली होती गं, दोन तास." सगळं त्यांच्या लिपीत, आकडासुद्धा. तिला काय वाचता येणार? ती चिठ्ठी मुठीत धरून रडली. म्हणाली, "किती तडफडला असशील रे तू तिथे."

माझी कीव केली तिने. त्या दिवशी!

नंतर आम्ही इकडे आलो, ईरा झाली. ती आता अकरा वर्षांची आहे. गेल्या रविवारी फाइलमधून तिचा पासपोर्ट काढताना चिठ्ठी तिच्या हाती लागली. तिने भाषांतराचं ॲप उघडून फोन त्यावर धरला.

"बाबा, इथे टेन मिनिट्स आहे. ट्रेन फक्त टेन मिनिट्स लेट होता."

मी डिशवॉशर भरत होतो. हातातली बशी मी पुन्हा विसळली. नीता पोळ्या लाटत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "तुझं ॲप चुकलं असेल. मी बघितलंय ना बाबांना त्या दिवशी."

ईराने माझ्याकडे पाहिलं. बाहेरचं कुणी नव्हतं, कसली घाई नव्हती. आता तरी बोलायचं होतं.

"हो," मी म्हटलं, "चुकतात ही ॲप्स."

नीताने हाताचं पीठ पुसलं, चिठ्ठी नीट घडी करून परत फाइलमध्ये ठेवली.

ॲप बरोबर होतं. ट्रेन दहाच मिनिटं लेट होती.