रविवारचं दीडपट

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या टिफिन किचनमध्ये रविवारी यायला दोघीच तयार असत: सुवर्णा आणि मेक्सिकोची रोसा. बाकीच्या बायकांना मुलांचं सॉकर असे, नवऱ्याची सुट्टी असे, देवळातला महाप्रसाद असे. सुवर्णाचा नवरा देवळात स्वयंपाकी होता, तो जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. आपलं म्हणावं असं माणूस एकच, थोरली बहीण अहिल्याताई, आणि ती बसली मिरजेला. तेव्हा बर्फ असो की ऊन, रविवारी सकाळी सहाला सुवर्णा पोळपाटापाशी हजर.

आता उगाच तिच्या कष्टाळूपणाचं कौतुक करू नका. रविवारी पगार दीडपट मिळायचा, म्हणून ती यायची. मालक संजीवकाका इंजिनियर म्हणून रिटायर झाले, मग त्यांनी हे किचन काढलं आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "कुणाचा रविवार घ्यायचा तर त्याचे जास्त द्यायचे." त्या जास्तीच्या पैशांवर सुवर्णा दर जानेवारीत मिरजेला जायची. महिनाभर ताईजवळ बसून भाजी निवडायची, तिची बोलणी खायची, आणि परत येऊन अकरा महिने झुरायची. आई गेली तेव्हा सुवर्णा तीन वर्षांची होती. ताईनेच तिला न्हाऊमाखू घातलं, तिची शाळा केली, तिचं लग्न लावून दिलं. आता ताईला विसर पडायला लागला होता. आधी शेजारणीचं नाव विसरली, मग गॅस बंद करायला विसरली. डॉक्टर म्हणाले होते, यंदा येऊन जा, पुढचं सांगता येत नाही.

"ती मला ओळखतेय तोवर जायचंय हो," सुवर्णा भेटेल त्याला सांगायची.

ऑक्टोबरात संजीवकाका दूर कॅरी गावी लेकाकडे राहायला गेले आणि किचन मुलीच्या, नैनाच्या हाती आलं. नैना इथेच जन्मलेली, मनाने चांगली, बोलायला सरळ. तिने मंगळवारी सगळ्यांना चहाला बसवलं.

"रविवारचं दीडपट बंद करायचं आणि तेच पैसे सगळ्यांच्या रोजच्या पगारात घालायचे," ती म्हणाली. "फेअर आहे ना?"

रविवारी न येणाऱ्यांना ते पटलं. आम्ही सहा दिवस राबतो ते काय फुकट, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यातही चूक काय? रोसा मात्र उसळली. "रविवारी माझी मुलं घरी असतात. तो दिवस मी स्वस्तात का देऊ?" वाद बराच वेळ चालला. शेवटी नैना सुवर्णाकडे वळली.

"मावशी, तुम्ही सगळ्यांत सीनियर. तुम्ही नको म्हणालात तर मी हे कॅन्सल करते. सांगा."

अहो, चारचौघांत असं तोंडावर कुणी विचारतं का? सुवर्णाच्या आत नको, नको, नको, असं चाललेलं, आणि तोंडातून काय निघावं? "माझं काय गं, मी एकटी बाई. चालेल."

आपल्याकडे या 'चालेल'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पाहुणा आधी पोट भरलं म्हणतो, मग यजमानीण आग्रह करते, मग तो वाढू देतो. काका असते तर म्हणाले असते, "चालेल काय? मनातलं बोल." सुवर्णा त्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली. काय बोलायचं तेही तिने जुळवून ठेवलं होतं. पण नैना पडली इथली. "थँक यू मावशी, यू आर द बेस्ट," म्हणत तिने लॅपटॉप मिटला. रोसा एप्रन काढून, सुवर्णाकडे पाठ फिरवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा धीर करून नैनाकडे गेली. ताईचं सांगितलं, जानेवारीचं सांगितलं, तिकिटाचे पैसे अजून पुरे पडायचेत तेही सांगितलं. नैनाचा चेहरा उतरला.

"मावशी, मी विचारलं होतं ना? तेव्हा का नाही सांगितलंत? आता मी सगळ्यांना वाढ कळवली. ती परत कशी घेऊ?"

एकदाच विचारलंस गं, हे सुवर्णाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि कणीक मळायला गेली. नैनाला तरी काय बोल लावणार?

पुढच्या रविवारी काम आटपून, रात्री घरून तिने मिरजेला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ होती, ताई चहा घेत होती. आधी हवापाणी झालं. गुडघ्याचं झालं. मग सुवर्णाने एकदाचं सांगून टाकलं, "ताई, यंदा जानेवारीत यायला जमणार नाही मला."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ताई म्हणाली. "तुमची कामं असतील. पण आमच्या सुवर्णाला तेवढी पाठवा हो. ती तिकडेच असते अमेरिकेत. फार दिवस झाले, आली नाही."

सुवर्णाने हुंदका आवरला. ताईला कुणाचं रडणं बघवत नसे.

"पाठवते हं," ती म्हणाली.