भिंतीकडे वळलेली खुर्ची

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी दादा सारखा माझ्या तोंडावरच्या मास्ककडे बोट दाखवत होता. मला वाटलं, त्याच्याच नाकातली नळी त्याला टोचत असेल. मी कानाशी वाकून ओरडलो, "काढायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!" त्यानं डोळे मिटून घेतले. सकाळी फोन आला...

दादा, माझा थोरला भाऊ, इंदूरच्या एका कापड मिलमध्ये लूमवर होता. त्या खडखडाटानं चाळिशीतच त्याचे कान गेले. लग्न त्यानं केलं नाही. राजेंद्र नगरात तो माझ्या आणि माझ्या बायकोच्या, नलूच्या, सोबत राहिला. मिल बंद पडली तेव्हा फाटकापुढे धरणं सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत कुजबुज उठली की धरण्यावर कोण काय बोलतं ते कोणीतरी मालकाकडे पोचवतंय. दादा रोज धरण्यावर बसे, फक्त रविवारी दुपारी नसे. परत येई तो भुवयांवर मुरमाची तांबूस धूळ घेऊन. महूच्या रस्त्याला एका माळावर तेव्हा मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या होत्या. त्या भरवणारा पोरगा मिलच्या मॅनेजरचा पुतण्या. शेजाऱ्यांनी एकदा मला घराच्या फाटकाशीच गाठलं : "भिया, आपके दादा तो उधर मालिक लोगों में दिखते हैं. अपन तो बस बता रहे."

मी दादाला विचारलं, "काय असतं रे तिथं एवढं?" तो खुलला. "सरळ तर कोणीबी चालवतं. वळणावर गाडी पूरी आडवी होते, वाटतं, गेली... आणि चालवणारा तिला तशीच आडवी धरून काढतो. एक बार येऊन तर बघ." मग हसून म्हणाला, "आणि तिथं कोणालाच काही ऐकू येत नाही." हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं.

म्हणून पुढच्या रविवारी मी त्याला न सांगता त्याच्या मागोमाग गेलो. उसाच्या रसाच्या गाडीआड उभा राहिलो. दादा वळणाजवळच्या दोरीपाशी होता, चपला काढून, अनवाणी. एक जिप्सी गाडी आली. तिचं नाक वळणाच्या आत, चाकं उलट्या बाजूला, आणि अख्खी गाडी कडेकडेनं आमच्याकडे घसरत येत होती. जमीन तळपायातून पोटापर्यंत थरथरली. चालवणारा समोरच्या काचेतून नाही, बाजूच्या खिडकीतून रस्ता बघत होता. धुळीत सगळं बुडालं, आणि त्या धुळीतून ती सुखरूप बाहेर पडली. क्षणभर मी कशाला आलो तेच विसरलो. धूळ बसली तेव्हा दिसलं... दादा हातांनी खुणा करत होता, दोन बोटं, मग मूठ, मग तळवा आडवा. पलीकडे आयोजकांच्या तंबूपाशी झेंडा धरलेला एक माणूस तशाच खुणांनी उत्तर देत होता. याहून आणखी काय पुरावा हवा?

त्या संध्याकाळी दादा बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसला होता, तोंड स्वयंपाकघराकडे. आत ओट्यापाशी मी नलूला म्हणालो, "बातम्या पोचवणारा तोच आहे. डोळ्यांनी बघून आलो."

"अहो, हळू बोला."

"त्याला कुठे ऐकू येतंय!"

दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीकडे वळलेली होती. दादा त्यानंतर शर्यतीला कधीच गेला नाही. पकडला गेला म्हणून गप्प झाला, असं मी धरून चाललो, एक-दोन नव्हे, सगळी वर्षं. आम्ही एका ताटलीतली शेव खात होतो, आणि मी त्याच्यावर नजर ठेवून होतो.

तेराव्याला एक म्हातारे गृहस्थ आले, रामेश्वरजी. दादाच्या शेजारच्या लूमवर होते. मिल बंद झाल्यावर शर्यतीत झेंडा दाखवायचं काम करत. मी खुणांबद्दल विचारलं. ते हसले. "अरे, हमारे खाते में ऐसे ही बात होती थी. कान किसके बचे थे? चाय पी, तबियत कैसी, बस वही." मग म्हणाले, "और आपके दादा तो उस्ताद थे. पूरे खाते के होंठ पढ़ लेते थे, इस कोने से उस कोने तक. आपको नहीं पता?"

मला माहीत नव्हतं. घरात आम्ही त्याच्याशी ओरडूनच बोलायचो. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात आलं, हे गृहस्थ मित्राला झाकत तर नाहीत ना... सवय. मालकाला बातम्या कोण देत होतं ते मला आजही ठाऊक नाही. दवाखान्यातलं ते बोट कशासाठी होतं ते मात्र आता ठाऊक आहे.

काल मी ती खुर्ची फिरवली आणि तिच्यात बसलो. दारातून स्वयंपाकघर सरळ दिसतं. नलू तिच्या बहिणीशी बोलत होती. दोघींचे ओठ हलत होते, कुकरच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मी ओठांकडे बघत राहिलो. काहीच वाचता आलं नाही. आणि पहिला विचार आला तो हाच, की माझ्याबद्दल बोलताहेत.

मी उठलो आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.