शून्याचं कार्ड

गेल्या वर्षी पानगळीत मी दर शनिवारी वॉशिंग्टन राज्यातल्या एका नदीवर गळ टाकायला जायचो. तिथं एक म्हातारा अमेरिकन असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सामन मासा लागला की तो आधी हात ओले करायचा, मग माशाची लांबी मोजून, तपासणीसाठी दोन-तीन खवले पाकिटात घालून त्याला पाण्यात सोडून द्यायचा. नदीत सामन किती येतात याची मोजदाद ठेवणाऱ्यांनी पार्किंगजवळ एक पेटी लावली होती. गळ टाकणाऱ्यांनी जाताना किती मासे लागले याचं कार्ड भरून त्यात टाकायचं.

एकदा मी तसाच गाडीकडे निघालो, तर त्या म्हाताऱ्यानं हटकलं.

"कार्ड?"

"आज काहीच लागलं नाही."

"मग शून्य लिही. मासा लागला तरच लिहितोस तू. मोजणाऱ्या ऑफिसातल्यांना वाटेल, नदी माशांनी भरून वाहतेय."

"शून्य लिहायला लाज वाटते."

"माझी चाळीस वर्षांची शून्यं आहेत. त्यातले बरेच दिवस मजेत गेले."

मी शून्य लिहिलं आणि गाडीत येऊन बसून राहिलो. नाशिकला आईला मी फोन करायचो तो बढती, घर, ग्रीन कार्ड असं काही सांगण्यासारखं असलं तरच. त्याआधी एका वर्षी नोकरी गेली, बायको वेगळी राहू लागली, त्या वर्षात मी फोन केलाच नाही. "कामात असेल," असं आई शेजारच्या काकूंना सांगायची. त्याच वर्षी ती गेली, माझं छान चाललंय असं समजून.

"आई, विशेष काही नाही, असाच केला फोन," एवढं तिला एकदाही म्हणालो नाही.